मधली पायरी : हिमावरच्या गिर्यारोहणाचे शिक्षण



पुणे शहराला डोंगरांचे वेड नवे नाही. शनिवारी रात्री बसस्थानकावर पाठीला पिशव्या बांधून उभी असलेली मुले-मुली पाहिली नाहीत, असा पुणेकर विरळाच. सिंहगडाची चढण तर कित्येकांच्या घरी एखाद्या व्रतासारखी पाळली जाते. या वेडातूनच पुढे मोठी कामे झाली. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २०१२ साली 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ जणांनी एकाच मोहिमेत ते शिखर गाठले, आणि २०१९ साली त्याच संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजुंगावर चढले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सत्कार झाले, आणि ते योग्यच झाले.

आजचा माझा विषय मात्र शिखराचा नाही, शाळेचा आहे. पहिला धडा गिरवून झालेला, पण अजून पंडित न झालेला जो विद्यार्थी, त्याच्या शाळेचा. सह्याद्रीतले कडे ज्याने दोर लावून चढले आहेत, दार्जिलिंग, मनाली किंवा उत्तरकाशी येथे ज्याने प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला आहे, आणि ज्याला आता भर हिवाळ्यात, पायांना स्की बांधून, जाणत्या मार्गदर्शकाबरोबर हिमालयात जावयाचे आहे, असा हा विद्यार्थी. त्याला तेथे काय शिकवतात, का शिकवतात, आणि त्या शिक्षणाचा खरा कस कोठे लागतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी पडलो कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि कारखान्यांच्या दारांवर झाले. मग हा विषय माझ्याकडे आला कसा? एका तरुण सभासदाचा रजेचा अर्ज नामंजूर झाला म्हणून. रजा कशासाठी हवी, हे विचारता विचारता मी या विषयात इतका ओढला गेलो, की गेली काही वर्षे मिळेल ते वाचीत आहे आणि जाऊन आलेल्यांना विचारीत आहे. त्या चौकशीचे सार आपल्यापुढे ठेवतो.

हिम आणि बर्फ

आपल्या बोलण्यात उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ आणि आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ. येथे मी भुसभुशीत, नुकत्या पडलेल्या पदार्थाला हिम म्हणेन आणि दगडासारख्या घट्ट झालेल्याला बर्फ म्हणेन. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण हिवाळी गिर्यारोहणातली बहुतेक विद्या हिमाविषयी आहे.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. नागफणीच्या किंवा तैलबैल्याच्या कड्यावर या रविवारी जी खाच हाताला लागली, ती पुढच्या रविवारीही बहुधा तेथेच सापडते. म्हणून सह्याद्रीत वाढलेला गिर्यारोहक हाताला लागते त्यावर विश्वास ठेवावयास शिकतो. हिमाचे तसे नाही. ते काल रात्री पडलेले असते, पहाटे वाऱ्याने हललेले असते, आणि दुपारच्या उन्हाने त्याचा स्वभाव पुन्हा पालटतो. सकाळी ज्या उतारावरून दहा माणसे निर्धास्त गेली, तोच उतार दुपारी अकराव्याला घेऊन खाली येऊ शकतो. सह्याद्रीची शिदोरी हिमालयात कामी येते हे खरे, पण हिवाळ्यात तेवढ्यावर निभाव लागत नाही.

पायांना बांधलेल्या फळ्या

हिवाळ्यात डोंगरात हिम एवढे साचते, की साध्या बुटांनी चालणारा माणूस मांडीपर्यंत रुततो. स्की म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीची, पुढे वळलेली अरुंद फळी. ती माणसाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि पाय वर राहतो. उत्तरेकडच्या थंड मुलुखांत ही युक्ती हजारो वर्षांची आहे. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ साली सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंडचा हिमप्रदेश आडवा पार केला, तेव्हा साऱ्या युरोपचे लक्ष तिकडे वेधले गेले. याच नान्सेन यांना पुढे निर्वासितांच्या सेवेबद्दल १९२२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा, की घसरण्यासाठी बनवलेल्या फळीवर उभे राहून डोंगर चढावयाचा कसा? उपाय मोठा साधा आहे. फळीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आता लोकरीची किंवा नायलॉनची असते. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरकतो, उलट फिरवला तर केस आडवे येतात. या पट्टीचेही तसेच आहे. फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते, म्हणजे पाऊल चालल्यासारखे उचलता येते. माथ्यावर पोहोचल्यावर पट्ट्या काढून गुंडाळावयाच्या, टाचा जखडावयाच्या आणि उतरावयाचे.

आपल्या देशात या विद्येचे जुने ठिकाण म्हणजे काश्मीरातील गुलमर्ग. तेथे १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. आज तेथे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्था आहे. गढवालातील औली आणि मनालीजवळचे सोलांग येथेही शिक्षण मिळते. गिर्यारोहणाच्या शाळा त्याआधीपासून आहेत. एव्हरेस्टवर माणसाचे पाऊल पडल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९५४ साली, दार्जिलिंगची संस्था निघाली आणि तेथील प्रत्यक्ष शिक्षणाची धुरा तेनसिंग यांच्यावर सोपविण्यात आली. पुढे १९६१ साली मनालीची आणि १९६५ साली उत्तरकाशीची संस्था सुरू झाली.

गुलमर्गला पाळणा-गाडी आहे. ती अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर माणसाला अलगद नेऊन ठेवते. ही सोय मोठी, पण तिच्यात एक मेख आहे. जी उंची गाठावयास पूर्वी दिवस लागला असता आणि वाटेत चार वेळा हिमाची पारख झाली असती, ती उंची आता तिकीट काढून मिळते. माणूस वर पोहोचतो, त्याची पारख मात्र खालीच राहते. पारख वर न्यावयाची, हेच मार्गदर्शकाबरोबरच्या शिक्षणाचे काम.

थर सुटतो कसा

हिवाळ्यातला मुख्य शत्रू हिमस्खलन. ते समजून घेण्यासाठी एक घरगुती दाखला देतो. तिरप्या पाटावर साखर पसरा, तिच्यावर घडी केलेली घोंगडी ठेवा आणि पाट हळूहळू उचला. एका क्षणी घोंगडी सगळीच्या सगळी एकदम सुटते, कारण खालची साखर तिला धरून ठेवीत नाही. डोंगरावर असेच घडते. हिम थराथराने साचते. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे आणि टोकदार होतात. त्यांवर नवे हिम पडते, वारा ते दाबून त्याचा जाड पापुद्रा करतो, आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला तर वारा दुप्पट-तिप्पट हिम आणून रचतो. वरून सारे गुळगुळीत, पांढरेशुभ्र, निष्पाप दिसते. मग एखाद्या माणसाचा भार पडतो, खालचा नाजूक थर ढासळतो, आणि मैदानाएवढा पापुद्रा त्या माणसाला घेऊन चालू लागतो. स्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुटलेले असते. म्हणजे हा शत्रू बहुधा आपणच जागा करतो.

हे कोणत्या उतारावर घडते? सर्वसाधारण माणसाला वाटेल, की उभ्या कड्यावर. पण उभ्या कड्यावर हिम टिकतच नाही, आणि सपाटीवर ते घसरत नाही. धोका मधल्या उतारांवर, मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर असतो. आपल्या घराच्या नेहमीच्या जिन्याचा चढ ३० ते ३५ अंशांचा असतो. कोकणकड्याच्या टोकावरून खाली पाहिले, की पोटात गोळा येतो. जिन्याएवढा चढ पाहून कोणाच्या येईल? सह्याद्रीने शिकवलेली भीती येथे भलत्याच दिशेला बोट दाखवते.

म्हणून शिक्षणात डोळ्यांवर भरवसा न ठेवता मोजण्याची सवय लावतात. उताराचा कोन उपकरणाने मोजावयाचा. फावड्याने खड्डा खणून थर उघडे करावयाचे. मग सुमारे एक फूट लांब-रुंद असा हिमाचा खांब मोकळा करून त्याच्या माथ्यावर फावडे ठेवावयाचे आणि त्यावर हाताने थापा मारावयाच्या : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब फुटतो आणि फूट किती सरळ जाते, यावरून थरांची स्थिती ताडतात. कुंभार मडके वाजवून पाहतो, त्याच जातीची ही परीक्षा. मात्र एका खड्ड्यावरून सारा डोंगर कळला असे कोणी समजू नये, हेही त्याच धड्यात शिकवतात.

दहा मिनिटे

स्खलनात माणूस गाडला गेला तर किती वेळ हाताशी असतो? स्वित्झर्लंडमधील अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला, की दहांतले तीनच. हिम माणसाला चिरडते त्यापेक्षा अधिक करून गुदमरवते.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दहा मिनिटांत खालच्या गावातून मदत येत नाही, हेलिकॉप्टर येत नाही, लष्कर येत नाही. वाचवणारा कोण? शेजारी उभा असलेला सोबती. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर एक लहानसे यंत्र असते. ते सतत संदेश सोडते, आणि शोधताना कळ फिरवली, की तेच दुसऱ्याचे संदेश ऐकते. प्रत्येकाच्या पिशवीत घडीची लांब सळई आणि फावडे असते. यंत्राने जागा जवळ आणावयाची, सळई खुपसून माणूस शोधावयाचा, फावड्याने काढावयाचा. ही कवायत पुनःपुन्हा करून घेतात, पुरलेल्या पिशवीवर, घड्याळ लावून. ज्याचे फावडे पिशवीत नाही, त्याने स्वतःचा नव्हे, शेजाऱ्याचा जीव घरी विसरला. एकमेकांवाचून तरणोपाय नाही, हे आम्ही संघटनेच्या सभेत वर्षानुवर्षे सांगत आलो. हिमावर ते घड्याळ लावून सिद्ध होते.

बाकीचे नियम शहाणपणाचे आहेत : धोक्याचा उतार एकेकाने पार करावयाचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून पाहावयाचे, पहाटे निघावयाचे, परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरवावयाची आणि ती टळली, की शिखर हाताच्या अंतरावर असले तरी वळावयाचे.

अर्धवट जाणत्याचा धोका

युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवून रोज जाहीर करतात. सर्वांत अधिक माणसे कोणत्या पायरीवर मरतात? पाचव्या नव्हे, तेव्हा कोणी घराबाहेर पडतच नाही. माणसे मरतात ती प्रामुख्याने तिसऱ्या पायरीवर. उतार मधला, पायरी मधली. आणि मला वाटते, विद्यार्थ्याचेही तसेच आहे.

कारखान्यात मी हे जवळून पाहिले आहे. नवखा कामगार यंत्राला भितो. वीस वर्षांचा जुना कामगार यंत्राचा मान राखतो. यंत्रावरची संरक्षक जाळी काढून ठेवतो तो बहुधा दोन-तीन वर्षांचा, हात बसलेला. एका कारखान्यात दाबयंत्रावर काम करणाऱ्या अशाच एका तरुणाची बोटे गेली. जाळी काढली, की तासाला नग अधिक निघत आणि नगांवर बक्षीस होते. चौकशीत सगळा दोष त्या पोराच्या माथी मारला गेला. बक्षिसाची योजना कोणी केली, हे कोणी विचारले नाही.

डोंगरावर बक्षिसाची योजना वेगळी असते. पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते, छायाचित्र घरी पाठवावयाचे असते, दुसरी तुकडी पुढे गेलेली दिसते. मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला चढण्याचे कौशल्य आलेले असते, पण थांबण्याचे कौशल्य अजून यावयाचे असते. चांगला मार्गदर्शक त्याला रोज सकाळी विचारतो : आज कोठे जावे? का? कोठून वळावे? उत्तर स्वतः देत नाही. त्याच्याकडून काढतो, आणि मग दुरुस्त करतो. ज्या शिबिरात विद्यार्थी मार्गदर्शकाच्या मागे मुकाट्याने चालतो, तेथे सहल होते, शिक्षण होत नाही.

पण जाणतेपण म्हणजे अभयपत्र नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे लष्कराच्या पर्वतीय युद्धशाळेच्या प्रशिक्षण तुकडीवर स्खलन कोसळून १७ जवान गेले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर स्खलनात सापडली. २७ मृतदेह हाती लागले, दोघे तेव्हा बेपत्ता राहिले. त्यांत विद्यार्थी होते आणि अनुभवी शिक्षकही होते. यावरून शिक्षण व्यर्थ आहे असे कोणी म्हणू नये. निष्कर्ष एवढाच, की डोंगर प्रमाणपत्र वाचीत नाही.

वाटाड्याचा नकार

मार्गदर्शक या भारदस्त शब्दापेक्षा आपला 'वाटाड्या' मला अधिक जवळचा वाटतो. पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या "आज नको, पाऊस उतरलाय" म्हणाला, की शहाणा माणूस माघारी वळतो. पण त्या नकाराची किंमत कोण भरतो? गिऱ्हाईक वळले तर वाटाड्याचा दिवस बुडतो. हिमालयात हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहतो. मार्गदर्शकाची कमाई जर माथ्यावर पोहोचण्यावर ठरत असेल, तर त्याच्या जिभेवरचा 'नाही' हा शब्द आपणच विकत घेतलेला असतो.

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमपातात बर्फाचा कडा कोसळून नेपाळचे १६ कामकरी मृत्युमुखी पडले. ते दुसऱ्यांच्या चढाईसाठी सामान वाहत होते, वाट बांधीत होते. सरकारने प्रथम जाहीर केलेली मदत होती प्रत्येक कुटुंबास ४०,००० नेपाळी रुपये. शेर्पांनी विम्याची व भरपाईची मागणी पुढे केली, त्या मोसमात पुढे काम करण्यास नकार दिला, आणि त्या बाजूच्या बहुतेक साऱ्या मोहिमा गुंडाळल्या गेल्या. कित्येकांनी त्यांना नावे ठेवली. मला मात्र त्यात आपल्या गिरणगावाची ओळखीची चाल दिसली. आपल्या कारखाना कायद्यातसुद्धा, आसन्न धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीने घातला गेला, तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर. 'येथे धोका आहे' हे म्हणण्याचा हक्क मिळावयास नेहमीच माणसे मरावी लागतात, ही मोठी दुःखाची गोष्ट आहे.

रजेचा हिशेब

आता त्या तरुण सभासदाच्या अर्जाकडे वळतो. कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. वर्षाला ३०० दिवस राबणाऱ्याच्या पदरी १५ दिवस पडतात. गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम जवळजवळ चार आठवड्यांचा. प्रगत अभ्यासक्रमही तेवढाच, आणि त्यासाठी आधीच्यात 'अ' श्रेणी हवी. त्यावर हिवाळी शिक्षण वेगळे. परिणाम काय होतो? ज्याला रजा मिळत नाही तो पायऱ्या गाळतो. चार दिवसांच्या सुट्टीत जेवढे बसेल तेवढे घेतो, आणि वेळेच्या अभावी घाई करतो. आणि घाई म्हणजे, वर पाहिलेच, जाळी काढलेले यंत्र.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पालकांनी आणि तरुणांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे : एका मार्गदर्शकामागे विद्यार्थी किती? हवामानाने एक दिवस गेला तर मार्गदर्शकाचे आणि हमालांचे वेतन चालू राहते का, आणि त्यांचा विमा आहे का? परत फिरण्याचा निर्णय कोण, कसा घेतो? उत्तरे गुळमुळीत आली तर पैसे खिशात ठेवावे. दुसरी सूचना कारखानदारांना आणि आमच्याच संघटनांना : वाटाघाटीच्या मसुद्यात बोनस आणि महागाई भत्त्याच्या जोडीला शिक्षणासाठी संचित रजेचे एक कलम असावे. क्रीडेला मिळते ती सवलत गिर्यारोहणालाही मिळावी.

तिसरी सूचना आपणा पुणेकरांना. शिखरावर झेंडा लावून आलेल्याचा आपण हार घालून सत्कार करतो. तो करावाच. पण एखादी तुकडी माथ्याखालून, हिमाची परीक्षा घेऊन, विचार करून परत आली, आणि सगळीच्या सगळी परत आली, तर तिलाही याच व्यासपीठावर बोलवावे आणि कोणत्या थराने, कितव्या थापेला, तिला परतवले हे ऐकून घ्यावे. परत येण्याला मान मिळू लागला, की नकार देणे वाटाड्यालाही सोपे जाईल आणि विद्यार्थ्यालाही.

त्या सभासदाची रजा पुढच्या वर्षी मंजूर झाली. तो जाऊन आला. शेवटच्या दिवशीची चढाई मार्गदर्शकाने आणि विद्यार्थ्यांनी मिळून रद्द केली. काय शिकलास, असे मी विचारले, तेव्हा त्याने चढण्याचे काही सांगितले नाही. खड्डा कसा खणावा, हे टेबलावर मिठाची आणि साखरेची रास करून मला दाखविले.